‘मे’चं ‘शॅल’ केलं की रांग संपते का?

१२ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत नादारी व दिवाळखोरी संहिता (दुरुस्ती) विधेयक मांडलं गेलं. बातम्यांत कलमांची यादी आली. पण संशोधनासाठी विधेयक वाचायचं तर पहिला प्रश्न वेगळा असतो: यात दुखण्याचं निदान काय केलंय, आणि औषध त्या निदानाला धरून आहे का?

दुखणं आहे उशीर. २०१६ च्या संहितेत अर्ज दाखल करून घ्यायला १४ दिवस आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पुढची प्रक्रिया कोर्टबाजीसकट ३३० दिवसांत संपायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही मुदती सर्रास उलटतात. तोवर यंत्रं गंजतात, जाणते कामगार सोडून जातात आणि छोट्या पुरवठादाराच्या हाती बहुतेक वेळा फारसं काही लागत नाही.

विधेयकाचं निदान असं, की न्यायाधिकरणाला (एनसीएलटी) निर्णयाची मोकळीक जास्त आहे. कलम ७ मध्ये बँकेचा अर्ज न्यायाधिकरण ‘मे’ दाखल करू शकतं, असं म्हटलंय. जुलै २०२२ मध्ये विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर विरुद्ध अ‍ॅक्सिस बँक या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा ‘मे’ शब्दशः घेतला. बुटीबोरीच्या या वीज कंपनीचं म्हणणं होतं, की विजेच्या अपील न्यायाधिकरणाच्या निकालानुसार आम्हाला १,७३० कोटी मिळायचे आहेत, बँकेच्या थकबाकीपेक्षा जास्त, पण त्यावरचं अपील अडकलंय. आता विधेयक सांगतं: थकबाकी सिद्ध झाली की अर्ज दाखल करायचाच, दुसरं कारण बघायचं नाही. १४ दिवस उलटले तर कारण लेखी नोंदवायचं.

ही भीती निराधार नाही. १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याच्या आडोशाला कंपन्या वर्षानुवर्षं देणेकऱ्यांना झुलवत राहिल्या, हा इतिहास आहे. तरीही हे निदान मला अपुरं वाटतं. त्याची तीन कारणं.

एक, ते दार बरंचसं आधीच लोटलं गेलं होतं. मे २०२३ मध्ये सुरेशकुमार रेड्डी विरुद्ध कॅनरा बँक या निकालात सुप्रीम कोर्टानंच सांगितलं, की ‘विदर्भ’चा निर्णय त्या खटल्याच्या वस्तुस्थितीपुरता आहे.

दोन, शब्द कडक करून बघणं आपण आधी केलंय. २०१९ मध्ये ३३० दिवसांच्या मुदतीला ‘मँडेटरिली’ हा शब्द जोडला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्सार स्टीलच्या निकालात कोर्टानं तो काढून टाकला. न्यायाधिकरणाच्या उशिराची शिक्षा पक्षकारांना का, हा साधा मुद्दा होता. एनसीएलटीची मंजूर पदं अध्यक्षांसह ६३. आणि हेच सदस्य कंपन्यांची विलीनीकरणं, भागधारकांची भांडणंही ऐकतात. खंडपीठच बसलं नाही, तर लेखी कारण तरी दुसरं काय येणार?

तीन, विधेयकातला सगळ्यात नवा भाग, म्हणजे देणेकऱ्यांनी कोर्टाबाहेर सुरू करायची प्रक्रिया. ठरावीक वित्तसंस्थांना ५१ टक्के मतांवर ती सुरू करता येईल. मुदत १५० दिवस, वर ४५. कंपनी जुनं व्यवस्थापनच चालवेल, पण रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या नजरेखाली. कल्पना चांगली आहे. पण कंपनीचा आक्षेप, वसुलीला स्थगिती आणि शेवटी प्लॅनला मंजुरी, हे सगळं पुन्हा एनसीएलटीकडेच. म्हणजे रांग दारातून उठून मागच्या खिडकीला लागली.

आता तुमच्यासाठी. ‘मला वाटतं’ म्हणजे पुरावा नव्हे. मग हे तपासायचं कसं? पुरवठादारांच्या अर्जांसाठीच्या कलम ९ मध्ये ‘शॅल’ आधीपासूनच आहे. जुलै २०२२ च्या आधी आणि नंतर, कलम ७ आणि कलम ९ च्या अर्जांना दाखल व्हायला किती दिवस लागले, हे शेजारी ठेवून बघा. मोकळीक हे कारण असेल तर फक्त कलम ७ चे अर्ज मंदावलेले दिसतील. दोन्ही सारखेच रखडले असतील, तर रोग मनुष्यबळाचा.

दोन सापळे मात्र लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी झाली, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा नमुना एकच नाही. आणि कलम ९ मध्ये ‘आधीपासून वाद आहे’ हा बचाव चालतो, कलम ७ मध्ये नाही. म्हणून दिवसांची नुसती तुलना करू नका. दोन्हीकडे बदल किती झाला, त्याची तुलना करा.

ही आकडेमोड विधेयकाच्या आधी व्हायला हवी होती. कारण निदान चुकलं तर ‘विदर्भ’सारखी खरी येणी अडकलेली कंपनी यात ओढली जाईल, आणि रांग मात्र जिथल्या तिथे राहील.