‘चालत नाही’ : नवशिक्यांच्या संगणकीय चर्चेची भाषा

समाजमाध्यमांवरील चर्चेमुळे आज्ञावली-लेखन शिकणाऱ्या नवशिक्यांस साहाय्य होते, हे मत आता रूढ झाले आहे. त्याच्या समर्थनार्थ बहुधा संदेशांची संख्या, उत्तर मिळण्यास लागलेला वेळ व विद्यार्थ्यांचे समाधान यांचे आकडे पुढे केले जातात. हे आकडे खोटे असतात असे नाही. परंतु ते ज्याचे मापन करतात ते शिक्षण नव्हे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाची भाषा चर्चेच्या ओघात बदलली की नाही, हे पाहावयास हवे.

आपल्या महाविद्यालयांत अशी चर्चा बहुधा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर होते. तेथे वारंवार आढळणारे वाक्य म्हणजे ‘प्रोग्रॅम चालत नाही’. मराठीतील ‘चालणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. आज्ञावली सुरूच झाली नाही, सुरू होऊन मध्येच थांबली, किंवा शेवटपर्यंत जाऊन चुकीचे उत्तर देती झाली, या तिन्ही अवस्था त्यात सामावतात. (‘आमच्याकडे हे चालत नाही’ यातील निषेधाची छटा निराळी, पण संगणक लिखाण नाकारतो तेव्हा तो वस्तुतः हेच सांगत असतो!) उपायाच्या दृष्टीने मात्र या अवस्था सर्वस्वी भिन्न आहेत. दुसरे वाक्य ‘एरर आली’. येथे एरर हीच कर्ता. ती पाहुण्यासारखी येते आणि लिहिणारा नामानिराळा राहतो. ‘मी अमुक लिहिले, अमुक अपेक्षिले, तमुक मिळाले’ या रचनेपर्यंत त्यास आणणे, हेच चर्चेचे खरे कार्य होय.

पायथॉन भाषेतील एक उदाहरण घेऊ. उघडलेला कंस बंद करावयाचा राहिला, तर ३.१० (२०२१) पूर्वीच्या आवृत्त्या कित्येकदा पुढील ओळीवर ‘इन्व्हॅलिड सिंटॅक्स’ असा शेरा मारीत. विद्यार्थी ती निर्दोष ओळ घेऊन गटावर येई. जाणता सहाध्यायी ‘वरचा कंस बंद कर’ एवढे सांगून मोकळा होई. प्रोग्रॅम ‘चाले’. परंतु यंत्र बोट दाखवते तेथेच दोष असतो असे नव्हे, ही शिकण्याजोगी गोष्ट अनुच्चारितच राही. नव्या आवृत्त्या कंस बंद झाला नसल्याचे स्पष्ट सांगतात; त्यामुळे हा एक प्रश्न मिटला, दृष्टी आली असे म्हणवत नाही.

जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने प्रश्नलेखनास शिस्त लावली, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. दोष पुन्हा उद्भवण्यापुरतेच लहान उदाहरण द्यावे, हा त्याचा दंडक. ते तयार करतानाच पुष्कळांस आपली चूक उमगते. तथापि जी शिस्त नवशिक्याने तेथे शिकावयाची, तीच प्रवेशाच्या वेळी त्याच्याकडून मागितली जाते. आपले स्थळ नवागतांस पुरेसे आपुलकीचे वाटत नाही, अशी कबुली चालकांनी २०१८ मध्ये स्वतःच दिली. त्याच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश व जपानी आवृत्त्या आहेत, मराठी नाही.

पूजा नाथ शंकर यांच्या ‘पियाझा’ची जन्मकथा अधिक बोधक आहे. कानपूरच्या आयआयटीत मोजक्या विद्यार्थिनींपैकी एक असताना सहाध्यायी मुलांस प्रश्न विचारण्याचा संकोच त्यांनी अनुभवला होता. त्यांच्या या मंचावर सहाध्यायींपासून नाव झाकून प्रश्न विचारण्याची सोय आहे. आपल्या गटांत मात्र विचारणाऱ्याची ओळख सर्वांसमोर असते, आणि अध्यापक इंग्रजीत लिहू लागले की मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पडद्याचे छायाचित्र पाठवून गप्प बसतो. छायाचित्रास वाक्य लागत नाही! त्याचे अज्ञान त्यामुळे झाकले जाते, आणि अध्यापकास ते कळण्याचा मार्गही बंद होतो.

यावर ‘इंग्रजीत नीट विचारा’ असे बजावणे हा उपाय नव्हे. प्रथम मराठीतच ‘कोणत्या अर्थाने चालत नाही?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत जाणत्यांनी थांबावे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून हे थांबणे अधिकच अवघड झाले आहे. ते यंत्र ‘चालत नाही’ एवढ्यावरही कित्येकदा दुरुस्त आज्ञावली हाती ठेवते, उलट प्रश्न करीत नाही.

अशा गटाची उपयुक्तता ठरवावयाची असेल, तर एकाच विद्यार्थ्याचे सत्रारंभीचे व सत्रान्तीचे प्रश्न शेजारी ठेवून वाचावेत. त्यांत ‘मी’ कोठे आला, ‘अपेक्षित’ हा शब्द केव्हा आला आणि ‘चालत नाही’च्या जागी कोणती क्रियापदे आली, हे नोंदवावे. ही मोजणी संदेशसंख्येहून कष्टाची आहे, पण आपल्या विभागास करता येण्याजोगी आहे.