३-२-१ पाठ आहे, पण फाइल परत मिळेल का?

संशोधन पद्धतीच्या कार्यशाळेत बॅकअपचा विषय निघाला की ३-२-१ हा नियम हमखास येतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुम्हीही तो लिहून घेतला असेल. नियम चांगलाच आहे, पण आपल्याला तो पुरत नाही, असं माझं मत आहे.

हा नियम रूढ केला पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने. फोटोग्राफरची मूळ फाइल सहसा बदलत नाही. आपलं तसं नाही. समजा, तुम्ही दौंड तालुक्यात फडावर जाऊन ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेतल्या. ते रेकॉर्डिंग कधीच बदलायला नको. त्याचं लिप्यंतर आठवडाभर बदलत राहतं आणि प्रबंधाचं प्रकरण तर रोज. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये कोंबून तीन प्रती काढल्या, तर गोंधळाच्याच तीन प्रती होतात.

म्हणून आधी वर्गवारी करा. 'मूळ', 'काम' आणि 'अंतिम' असे तीन फोल्डर पुरेत. 'मूळ'मधल्या फाइल रीड-ओन्ली करा. 'काम'ची रोज तारखेसह नवी प्रत ठेवा. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून डिलीट केलेलं तिथेही डिलीट होतं.

दुसरा गैरसमज डी ड्राइव्हचा. डेटा डी वर ठेवला की विंडोज नव्याने टाकताना तो वाचतो, हे खरं. दुकानदार 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतो तेव्हा डेस्कटॉपवरचं सगळं जातं, हेही खरं. पण सी आणि डी बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. त्यात एसएसडी असेल, तर डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा फारच कमी.

'दुसरी जागा' या शब्दांचं वजन २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कळलं. ज्या कागदांची प्रत बाहेर नव्हती, ते गेले ते गेलेच. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच सॅकमध्ये घालून तुम्ही दौंड-पुणे लोकल पकडता, तेव्हा तुमच्याही दोन प्रती एकाच जागी असतात.

मात्र दुसरी जागा म्हणून मुलाखती सरसकट क्लाउडवर चढवू नका. नाव गुप्त ठेवू, असा शब्द तुम्ही दिलेला असतो. आधी फाइल एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड वेगळ्या जागी ठेवा.

नियमात न मोजलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे परत मिळवून पाहणं. महिन्यातून एकदा बॅकअपमधली कोणतीही एक मुलाखत दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून ऐका. उघडली नाही, तर ती प्रत धरूच नका.

प्रकरण पुन्हा लिहिता येतं. पण हंगाम संपला की टोळ्या आपापल्या गावी परततात. ती माणसं पुन्हा भेटतीलच असं नाही, आणि भेटली तरी तेच बोलतील असं नाही.