यकृतातील 'गाठ' : एका संज्ञेची चिकित्सा

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था (१९६९) आणि सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय (१९९०) ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे 'सोनोग्राफी' हा शब्द खेड्यापाड्यांत पोचावा यात नवल नाही. परिभाषाकारांचा 'श्राव्यातीत' हा शब्द ग्रंथांतच राहिला. त्याची खंत करण्याचे कारण नाही. विचार व्हावयास हवा तो तपासणीनंतर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाचा. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, आणि त्यातील 'हिमँजिओमा' रुग्णापर्यंत येताना पुष्कळदा 'यकृतात रक्ताची गाठ' असा होतो. हे भाषांतर सदोष आहे, आणि हा दोष केवळ शब्दशास्त्राचा नव्हे.

मुळात इंग्रजी संज्ञाच निर्दोष नाही. '-ओमा' हा ग्रीक प्रत्यय वैद्यकात अर्बुदवाचक झाला. १९८२ मध्ये मलिकन व ग्लोवाकी यांनी पेशींच्या वर्तनावरून दोन वर्ग वेगळे केले : ज्यांत पेशी वाढत जातात ती अर्बुदे, आणि ज्यांत वाहिनीची घडणच चुकलेली असते ते घडणदोष. १९९६ मध्ये हा भेद आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वीकारला गेला. त्या दृष्टीने प्रौढांच्या यकृतात नेहमी आढळणारा 'हिमँजिओमा' हा नीलांचा घडणदोष ठरतो. व्यवहारात मात्र जुने नाव टिकून आहे. त्याचा 'रक्तार्बुद' असा अनुवाद करणे म्हणजे मूळच्या चुकीवर संस्कृतची मोहर उमटविणे होय. सुश्रुताने निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी व अर्बुद वेगळे मानले असून शिरांपासून उद्भवणारा विकार ग्रंथींत घातला आहे. (आधुनिक भेद त्यास ठाऊक होता असे म्हणण्याची हौस आवरलेली बरी.) 'ग्रंथि'पासून आलेली आपली 'गाठ' व्युत्पत्तीने सौम्य, परंतु आज तिचा उच्चार होताच घरात कर्करोगाची भीती शिरते. शिवाय 'रक्ताची गाठ' म्हणजे गोठलेल्या रक्ताची गुठळी असाही अर्थ कोणी घेईल.

आता तपासणी काय दाखविते ते पाहू. हिमँजिओमा पडद्यावर बहुधा पांढरा व रेखीव दिसतो, कारण त्यातील असंख्य पोकळ्यांच्या भिंतींवरून ध्वनी परततो. तो रक्ताने भरलेला असतो, तरी डॉपलर तपासणीत बहुधा मूकच राहतो. आतील रक्त फारच संथ असते. याउलट ऑस्लर-वेबर-राँदू या आनुवंशिक विकारात, ज्यात नाकातून वारंवार रक्त येते, यकृतातील धमन्या व नीला एकमेकींस थेट जोडल्या जाऊ शकतात. तेव्हा यकृताची धमनी ७ मिलिमीटरहून अधिक रुंद व नागमोडी झालेली आणि प्रवाह वेगवान झालेला आढळतो. येथे गाठ अशी वस्तूच पुष्कळदा नसते. पडद्यावरील तांबडा व निळा हे रंगही धमनी-नीलांचे निदर्शक नव्हेत. रूढ संकेताप्रमाणे तांबडा म्हणजे यंत्राच्या मुखाकडे येणारा प्रवाह, निळा म्हणजे दूर जाणारा. संकेत यादृच्छिक असतो, हे आपल्या विद्यार्थ्यांस समजाविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

'गाठ' म्हटली की तुकडा काढून तपासणे ओघाने येते. परंतु या दुसऱ्या विकारात यकृतात सुई घालणे रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचे असून निदानासाठी ती टाळावी, असाच तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. पहिल्यात बहुतेकांना उपचारच लागत नाहीत. तथापि प्रत्येक पांढरा ठिपका निरुपद्रवी असतो असे नाही. रुग्णास पूर्वी कर्करोग झाला असल्यास किंवा यकृत कठीण झाले असल्यास सीटी अथवा एमआरआय करून खात्री करावी लागते. म्हणून पर्यायी शब्द खोटा धीर देणाराही नसावा.

'वाहिनी-विकृती' ही संज्ञा सुचण्यासारखी आहे. पण बोलीत 'विकृत' हा शब्द माणसाच्या मनोवृत्तीस लागतो. 'वाहिनी-घडणदोष' हा शब्द आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. तो अर्बुदाचा आभास निर्माण करीत नाही, आणि आर्वी-हिंगणघाटच्या शेतकऱ्यास 'घडण' आणि 'दोष' हे दोन्ही शब्द उलगडून सांगावे लागत नाहीत.