वाचता आले, पण कळले का?

वर्गात एखाद्या मुलाने धडा घडाघडा वाचून दाखवला म्हणजे त्याला तो कळलाच, असे आपल्यापैकी कोणी शिक्षक मानत नाही. रुग्णांची आरोग्य-साक्षरता मोजणाऱ्या एका गाजलेल्या चाचणीची सारी भिस्त मात्र अशा वाचनावरच आहे.

'रिअल्म' हे तिचे नाव. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात टेरी डेव्हिस व सहकाऱ्यांनी ती १९९१ साली मांडली आणि १९९३ साली आटोपशीर केली. 'फॅट', 'फ्लू', 'पिल' अशा सोप्या शब्दांपासून 'ऑस्टिओपोरोसिस'सारख्या शब्दांपर्यंत ६६ शब्द रुग्णाने मोठ्याने वाचायचे. बरोबर उच्चार किती, यावरून त्याची वाचनाची इयत्ता ठरते. दोन-तीन मिनिटांत काम होते. दवाखान्याच्या गर्दीत ही सोय मोठी, हे आम्हाला मान्य आहे. पण अर्थ एकदाही विचारला जात नाही!

इंग्रजीत हे काही अंशी खपून जाते. तेथे स्पेलिंगवरून उच्चाराचा भरवसा नसतो. शब्द आधी कानावरून गेला असेल तरच तो नीट वाचता येतो. स्पॅनिशमध्ये अक्षरे आली की शब्द वाचता येतो. म्हणून २००६ साली स्पॅनिश भाषकांसाठी केलेल्या ५० शब्दांच्या चाचणीत, शब्द वाचल्यावर त्याच्याशी अर्थाने जुळणारा शब्दही निवडायला सांगितले आहे. देवनागरीचे तसेच आहे. पाचवीतला मुलगा 'प्रतिजैविक' हा शब्द सहज वाचेल. अर्थ विचारला तर त्याचे पालकही थांबतील. 'रिअल्म'चे सरळ मराठी भाषांतर कोणी वापरले, तर गुण भरपूर मिळतील आणि हाती काही लागणार नाही.

खुद्द डेव्हिस यांच्या गटाचाच २००६ सालचा अभ्यास आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना दाखवल्या. त्यांतली एक होती, 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या'. कमी वाचनक्षमतेच्या रुग्णांपैकी ७०.७ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर मात्र ३४.७ टक्केच जमवू शकले. (ही वाचनक्षमता ठरवली होती 'रिअल्म'नेच.)

आता यात नापास कोण? त्या सूचनेत एक गुणाकार दडलेला आहे, आणि गोळ्या केव्हा घ्यायच्या हे तर लिहिलेलेच नाही. 'सकाळी २, रात्री २' असे लिहिले की दोन्ही अडचणी सरतात. वेळा अशा स्पष्ट लिहिल्यास सूचना अधिक लोकांना कळते, असे पुढील अभ्यासांतही दिसले. तरीही चाचण्या बहुधा रुग्णाचीच घेतल्या जातात. चिठ्ठी लिहिणाऱ्याची क्वचितच.

वर्गात करून पाहावे: एक लिटर पाण्यासाठीचे जलसंजीवनीचे पाकीट मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मग, घरातल्या कोणत्या भांड्याने लिटरभर पाणी मोजाल, असे विचारावे. कोण कुठे अडले हे फळ्यावर लिहावे, आणि त्याशेजारी पाकिटावर काय लिहायला हवे होते, तेही मुलांनाच सुचवू द्यावे.