न बिघडणाऱ्या उपकरणाचे धडे

‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या इंग्रजी पुस्तकाची तिसरी आवृत्ती २००५ साली ओ’रायली या प्रकाशनसंस्थेने काढली. जोनाथन कॉर्बेट, अलेस्सांद्रो रुबिनी आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन हे तिचे लेखक. १९९८ सालची पहिली आवृत्ती एकट्या रुबिनींची होती. चौथी आवृत्ती निघाली नाही. तरीही या विषयात पाऊल टाकणाऱ्याला हेच पुस्तक अजून सुचवले जाते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे ते विनामूल्य मिळते व त्याच्या प्रती काढून वाटायलाही हरकत नाही. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि सी भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते वाचावे का, आणि वाचावे तर कसे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आधी विषयाची थोडी ओळख करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वांत आतला भाग म्हणजे कर्नल, अर्थात गाभा. मेमरीची वाटणी करणे, प्रोसेसरचा वेळ निरनिराळ्या प्रोग्रॅमना देणे ही त्याची कामे. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी असते. ती जाणणारा गाभ्यातील भाग म्हणजे ड्रायव्हर. साधा प्रोग्रॅम चुकला तर सहसा तो एकटाच बंद पडतो, कारण गाभ्याने त्याच्याभोवती कुंपण घातलेले असते. लिनक्सच्या गाभ्याच्या आत मात्र अशी कुंपणे नाहीत. मधल्या भिंती नसलेल्या वाड्यातील बिऱ्हाडांप्रमाणे त्याचे सगळे भाग एकाच मेमरीत नांदतात आणि एकाची चूक दुसऱ्याला भोवू शकते. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सचा गाभा तपासला, तेव्हा ड्रायव्हरांमधील चुकांचे प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तुलनेत तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळले. म्हणून ड्रायव्हरमधील दोष शोधायला शिकवणाऱ्या पुस्तकाचे मोल मोठे आहे.

ड्रायव्हर शिकवायचा तर उपकरण हवे, आणि प्रत्येक वाचकाकडे तेच उपकरण असेल असे नाही. लेखकांनी या अडचणीवर फार चतुर तोड काढली आहे. त्यांचे मुख्य उदाहरण ‘स्कल’ नावाच्या ड्रायव्हरचे. तो कोणतेही खरे उपकरण चालवत नाही. मेमरीचा एक तुकडा घेऊन त्यालाच उपकरण मानतो. त्यात लिहावे, त्यातून वाचावे. पुढे डिस्कसाठी ‘स्बल’ आणि नेटवर्क कार्डासाठी ‘स्नल’ ही भावंडेही येतात. ज्याच्यापाशी लिनक्स चालणारा संगणक आहे त्याला हे प्रयोग करता यावेत, ही योजना आम्हांला साधनांची चणचण असलेल्या आपल्या शाळांच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

या पद्धतीचा उत्तम नमुना पाचव्या प्रकरणात आहे. दोन प्रोग्रॅम एकाच क्षणी स्कलच्या एकाच जागी लिहू पाहतात. दोघेही बघतात की तेथे मेमरी अजून घेतलेली नाही. दोघेही ती घेतात. आणि दुसरा आपला पत्ता पहिल्याच्या पत्त्यावर लिहून टाकतो. पहिल्याची मेमरी कायमची हरवते. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर बरोबर, पण दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या की चूक! असा दोष शंभर वेळा चालवून कदाचित एकदाही दिसणार नाही. इतका अवघड मुद्दा इतक्या कमी सामग्रीत समजावणे हे लेखकांचे मोठे यश आहे.

आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. स्कल हे अतिशय आज्ञाधारक उपकरण आहे. जे लिहाल तेच परत मिळते, दहा वेळा वाचले तरी तेच मिळते. खरे उपकरण असे वागत नाही. सिरियल पोर्टचे उदाहरण घ्या. त्यात आलेले अक्षर ज्या रजिस्टरमध्ये असते, ते वाचले की अक्षर तेथून निघून जाते. दुसऱ्यांदा वाचणे म्हणजे पुढचे अक्षर उचलणे. मेमरीत लिहिणे ही नोंद असते, उपकरणात लिहिणे ही आज्ञा असू शकते. लेखकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. नवव्या प्रकरणात त्यांनी हा फरक स्पष्टपणे मांडला आहे. समांतर पोर्टच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिना तारेने जोडून इंटरप्ट निर्माण करण्याचा एक सुरेख प्रयोगही पुढे दिला आहे. पण आजच्या बहुतेक संगणकांवर ते पोर्टच नसते. त्यामुळे वाचकाच्या हाताला सवय लागते ती स्कलची, आणि नववे प्रकरण नुसते वाचून राहते.

हा फरक किती महाग पडू शकतो हे पुस्तकानंतर तीनच वर्षांनी दिसले. सप्टेंबर २००८मध्ये लिनक्सच्या २.६.२७ या गाभ्याच्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी झाली. कार्डाची मूलभूत माहिती ज्या कायमस्वरूपी मेमरीत असते तीच बिघडली होती. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याने ती सुधारत नव्हती. साहजिकच संशय त्या कार्डांच्या ‘ई-१०००-ई’ या ड्रायव्हरवर गेला. त्या मेमरीला कुलूप घालणारी दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये झाली. ती योग्यच होती, पण मूळ कारण निराळे निघाले.

दोष होता ‘एफ-ट्रेस’ या गाभ्याच्या कामकाजाचे निरीक्षण करणाऱ्या साधनात. गाभ्यातील प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला निरीक्षणासाठी एक छोटी सूचना घातलेली असे. एफ-ट्रेस अशा जागांचे पत्ते टिपून ठेवी आणि नको असलेल्या सूचना नंतर पुसून टाकी. काही फंक्शने मात्र ड्रायव्हर सुरू होतानाच लागतात. मग त्यांची जागा मोकळी केली जाते. एफ-ट्रेसच्या यादीत जुना पत्ता तसाच राहिला आणि त्या पत्त्यावर आता नेटवर्क कार्ड राहायला आले होते. तरी एक सावधगिरी होती. एफ-ट्रेस जी प्रोसेसरची आज्ञा वापरी ती आधी तुलना करते आणि अपेक्षित मजकूर सापडला तरच बदल करते. पण तुलना जुळली नाही, तर हीच आज्ञा वाचलेला मजकूर पुन्हा त्याच जागी लिहिते! मेमरीत याने काहीच बिघडत नाही. कार्डाच्या बाबतीत मात्र ते लिहिणेच घातक ठरले. ऑक्टोबर २००८मध्ये २.६.२७.१ या आवृत्तीत एफ-ट्रेसचा हा भाग बंद ठेवण्यात आला आणि २.६.२८मध्ये पत्ते टिपण्याची रीतच बदलली.

आता पुस्तकाचे चौथे, दोष शोधण्याविषयीचे प्रकरण पुन्हा वाचावे. गाभ्याकडून संदेश छापून घेणे, गाभा कोसळताना तो जी माहिती देतो ती वाचणे, डीबगर लावणे या गोष्टी त्यात उत्तम सांगितल्या आहेत. त्यासाठी ‘फॉल्टी’ नावाचा मुद्दाम चुकीचा ड्रायव्हरही दिला आहे. पण या साऱ्यामागे एक गृहीत आहे: दोष तुम्ही लिहिलेल्या भागातच आहे आणि तो जेथे आहे तेथेच दिसेल. २००८ साली दोन्ही खोटे ठरले. लेखकांना भविष्य कळायला हवे होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु निरीक्षणाचे साधनही गाभ्याचाच एक भाग असते आणि तेही तपासायचे असते, एवढे त्या प्रकरणात यायला हवे होते. व्होल्टमीटर जोडला की परिपथ थोडा बदलतो, हे आपण विज्ञानाच्या तासाला सांगतोच.

पुस्तक २.६.१० या गाभ्यावर बेतलेले असल्याने त्यातील उदाहरणे आज आहेत तशी चालत नाहीत. इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनची रचना २००६ सालीच बदलली. आम्ही याला फार मोठी उणीव मानत नाही. काय बदलले व का बदलले हे शोधत स्कल आजच्या गाभ्यावर चालवून दाखवणे, हा बारावीनंतरच्या हुशार विद्यार्थ्याला सुट्टीत देण्याजोगा प्रकल्प आहे.

तेव्हा हे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र स्कलच्या प्रत्येक उदाहरणानंतर शिक्षकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: या जागी मेमरीऐवजी खरे उपकरण असते, तर हीच ओळ सुरक्षित राहिली असती का? प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आले की आपण पुढे जातो. ते न येता काहीतरी भलतेच आले तर कोणाकोणावर संशय घ्यायचा, हे शिकवायचे राहून जाते. पुस्तकातील आज्ञाधारक उपकरण पहिला धडा चांगला देते. हा दुसरा धडा शिक्षकांनाच द्यावा लागेल.