धारप, नारळीकर आणि जेद्दाचा जिन

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कविता असतात, प्रवासवर्णने असतात, 'वाळवंटातली माझी पहिली दिवाळी' असते, पाककृती तर असतातच. कधी कोणी पुस्तकांवर लिहिले, तर ते 'ययाति' किंवा 'मृत्युंजय'वर. भुताखेतांच्या, खुनाच्या आणि परग्रहवासीयांच्या पुस्तकांवर कोणी लिहीत नाही. वाचतात मात्र सगळे! हे मी खात्रीने सांगतो, कारण गेल्या वर्षभरात माझ्याकडची असली पुस्तके खोबर, दम्माम, जुबैल अशी फिरून आली आणि 'ययाति' कपाटातल्या जागेवरून हलला नाही.

मी समीक्षक वगैरे नाही. पेशाने प्लँटवरचा इन्स्ट्रुमेंटवाला. शिफ्ट संपल्यावर आणि शुक्रवारी दुपारी झोप लागेपर्यंत जे वाचतो, त्याबद्दलची ही मते आहेत. पुस्तकांची निवडही फार विचारपूर्वक झालेली नाही. सुट्टीहून परतताना तीस किलोंत गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी बसवून जी जागा उरते तिच्यात पातळ पुस्तके मावतात, जाड कादंबऱ्या पुण्यालाच राहतात. रहस्यकथा आणि भयकथा इतकी वर्षे टिकण्यामागे हेही एक कारण असावे.

सुरुवात नारायण धारपांपासून करतो. धारप (१९२५–२००८) हे रसायन तंत्रज्ञान शिकलेले गृहस्थ. त्यांनी शंभराच्या आसपास पुस्तके लिहिली आणि मराठी मध्यमवर्गाला रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची भीती घातली. एकेकाळी ती फक्त फिरत्या वाचनालयांत, पाने निखळलेल्या अवस्थेत मिळत. नंतर साकेत प्रकाशनाने ती नव्याने छापायला घेतली, त्यामुळे माझ्यासारख्यांची सोय झाली. या वर्षी मी 'लुचाई' आणि 'शपथ' पुन्हा वाचल्या, शिवाय समर्थांच्या काही कथा.

धारपांचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणते, "अहो, ते सगळे स्टीफन किंगचे आहे!" सगळे नाही, पण बरेच आहे हे खरे. 'लुचाई' किंगच्या १९७५ च्या 'सेलम्स लॉट'वर उभी आहे आणि 'शपथ' १९८६ च्या 'इट'वर. माझे मत सरळ आहे. अशा पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीत, पहिल्या पानावर, मूळ लेखकाचे नाव ठळक छापलेले असावे. आपल्या लेखकाबद्दल आपल्याला प्रेम आहे म्हणून त्यात सूट नको. उद्या कोणी आपल्या जी. ए. कुलकर्णींची कथा उचलून परभाषेत स्वतःच्या नावावर खपवली, तर आपण गप्प बसणार आहोत का?

पण हे बोलून झाल्यावरही प्रश्न उरतोच, की मग धारप वाचवतात का? किंग इंग्रजीत मिळत असताना मी 'लुचाई' दोनदा का वाचली? मला वाटते, भीतीला पत्ता लागतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लाकडी घरात रक्तपिपासू शिरला, तर मला त्या घराची काळजी वाटत नाही. तोच वाड्याच्या माळ्यावर आला, फळीचा आवाज ओळखीचा निघाला, कंदिलाची काच काजळली, की पाय आपोआप पांघरुणात जातात. आणखी एक गोष्ट. रक्तपिपासूला आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, हा किंगने वापरलेला जुना पाश्चात्त्य नियम. तिकडे तो नियम घराचे रक्षण करतो. आपल्याकडे दारात उभ्या असलेल्या कोणालाही "या ना, बसा, चहा घेणार ना?" म्हटले जाते! इथे परदेशात तर सुपरमार्केटात नुसते मराठी ऐकू आले तरी आपण पत्ता देऊन मोकळे होतो. असल्या समाजात हा नियम आणून सोडणे म्हणजे दार काढूनच ठेवणे.

'शपथ'बद्दल थोडे जास्त लिहायचे आहे. मूळ 'इट' हजार पानांच्या पुढचे पुस्तक आहे आणि त्यातला राक्षस सगळ्यांना माहीत आहे, विदूषकाच्या रूपातला. मला मात्र त्या कथेतली दुसरीच एक गोष्ट जास्त टोचते. लहानपणी सात मित्र मिळून गावातल्या दुष्ट शक्तीशी लढतात आणि ती परत आली तर आपणही परत येऊ अशी शपथ घेतात. पुढे सहाजण गाव सोडतात. जे सोडतात त्यांची भरभराट होते, आणि ते सगळे विसरतात. शपथ विसरतात, भीती विसरतात, एकमेकांची नावेही विसरतात. मागे राहिलेला एकटाच लक्षात ठेवतो, आणि सत्तावीस वर्षांनी एकेकाला फोन करतो.

वाचकहो, हा प्रसंग अमेरिकन वाचकाला कसा लागतो मला माहीत नाही. वीस-बावीस वर्षे दुसऱ्याच्या देशात काढलेल्या माणसाला तो भुताच्या प्रसंगापेक्षा वाईट लागतो. भाऊ गावाला राहिलेला असतो. आईचे औषध, शेताचा बांध, घराची कौले सगळे तोच बघतो. त्याचा फोन अवेळी आला की स्क्रीनवरचे नाव बघूनच पोटात खड्डा पडतो. किंगची ही कल्पना धारपांनी मराठीत आणली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे आणि मूळ मालकाचाही. कादंबरी म्हणून 'शपथ' मूळच्या तुलनेत बरीच आटोपशीर आहे, काही ठिकाणी घाईचीही.

समर्थांच्या कथा मात्र या खेपेला मला तितक्या रुचल्या नाहीत. लहानपणी समर्थ येणार म्हटले की हायसे वाटायचे; आता तीच अडचण वाटते. समर्थ आले की सगळे ठीक होणार हे आपल्याला कळलेले असते, निवेदक अप्पांनाही कळलेले असते, बहुधा पिशाच्चालाही. मग उरते ती फक्त वाट पाहणे. धारप सर्वांत चांगले तेव्हा, जेव्हा कथेत समर्थ नसतात आणि एखादा साधा कारकून किंवा शाळकरी पोर एकटेच सापडते. 'आजी' ही कथा पाहा. तिचेही मूळ किंगच्याच 'ग्रामा' या कथेत आहे, पण राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' चित्रपटाला (२०१८) ठिणगी मिळाली ती धारपांच्या रूपातून. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, दिग्दर्शक 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचा मुलगा, आणि साखळदंडातली आजी अमेरिकेहून पुण्यामार्गे कोकणात आलेली. उसनवारीतूनही कधी कधी अस्सल माल तयार होतो तो असा.

रत्नाकर मतकरींचे (१९३८–२०२०) गोत्र वेगळे. ते आपल्या कथांना गूढकथा म्हणत, आणि तो फरक नुसता नावाचा नाही. धारपांचे संकट बहुतेक वेळा बाहेरून घरात येते. मतकरींचे आधीपासूनच घरातल्या माणसांच्या मनात बसलेले असते. भाषेवर त्यांची पकड जास्त, शेवटचे वाक्य कुठे टाकायचे हे नाटककार असल्याने अचूक माहीत. पण एकामागून एक दहा कथा वाचल्या की तो शेवटचा धक्का कुठून येणार याचा अंदाज बांधायची सवय लागते. हे पुस्तक आठवड्याला एक कथा या मात्रेने घ्यावे.

गुप्तहेरकथांवर फार वेळ घालवत नाही. बाबूराव अर्नाळकर म्हणजे चष्म्याचे दुकान चालवता चालवता हजारावर रहस्यकथा लिहिणारा अचाट माणूस, आणि त्यांच्या झुंजार, धनंजय-छोटू, काळा पहाड यांनी किती पिढ्यांना वाचायला शिकवले याची मोजदाद नाही. त्याबद्दल दंडवत. पण आज सलग दोनच्या पुढे माझ्याने वाचवत नाहीत. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास अजून खुसखुशीत वाटतो, संवादांमुळे. 'दुनियादारी'च्या लोकप्रियतेत त्यांच्या या कथा झाकल्या गेल्या, हे बरे झाले नाही.

आता नारळीकर. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आपल्या गटावर सर्वांनी हात जोडले, आणि मग लक्षात आले की त्यांचे विज्ञानकथांचे पुस्तक फार थोड्या घरांत आहे. गंमत अशी, की आपल्या मुलांनी त्यांची एक कथा वाचलेली आहे, फक्त ती आपलीच आहे हे त्यांना माहीत नाही! इथल्या भारतीय शाळांत सीबीएसईचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या अकरावीच्या इंग्रजीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा. तोच 'गंगाधरपंतांचे पानिपत'. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाला चाटून गेली, एवढाच फरक! इंग्रज मुंबईत आहेत, पण भाडेकरू म्हणून, २००१ मध्ये संपणाऱ्या करारावर.

माझ्या ओळखीच्या दोन-तीन मुलांना विचारले, तर त्यांना धडा 'बरा' वाटला होता. परीक्षेला 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी'वर प्रश्न येतो म्हणून तेवढे पाठ. एकालाही गोळी चुकली याचा आनंद झाला नव्हता. कसा होणार? लागली होती हे आधी मनाला लागलेले असावे लागते. 'पानिपत झाले' हा शब्दप्रयोग ज्या घरात रोज दूध नासण्यापासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत वापरला जातो, त्या घरात ही कथा वेगळीच वाचली जाते. मी तीच मराठीत मोठ्याने वाचून दाखवल्यावर बखरीच्या फाटलेल्या पानाशी एका मुलीने "थांबा काका, परत वाचा" म्हटले. एवढे पुरे.

कथेत मला जे आवडते ते पेशव्यांचा जरीपटका नाही. तिथले पेशवे विजयानंतर तंत्रज्ञानाचे युग ओळखतात आणि स्वतःची विज्ञानकेंद्रे काढतात, हे आहे. पानिपतावर रडणारे आणि बाह्या सरसावणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ. जिंकलो असतो तर प्रयोगशाळा काढली असती असे म्हणणारा हा एकच. उणीव तीच, जी त्यांच्या बहुतेक कथांत आहे: कोणीतरी फळ्यापाशी उभे राहून समजावू लागतो. इथे राजेंद्र देशपांडे इलेक्ट्रॉनचा पाठ देतात आणि कथा खुर्चीवर बसून ऐकत राहते. पात्रेही सगळी एकाच सुशिक्षित चालीत बोलतात. तरी 'वामन परत न आला' आज वाचून पाहा. जमिनीतून निघालेल्या पेटीतल्या सूचनांवरून माणसे एक बुद्धिमान यंत्रमानव बनवतात, आणि पेटी पुरणाऱ्या संस्कृतीचे काय झाले असावे ते त्याच्या वागण्यातून उलगडत जाते. आता ऑफिसात जो तो संगणकाकडून पत्रे लिहून घेत असताना हे वाचणे म्हणजे लेखकाला दाद देण्यापलीकडचे काम आहे.

आपण ज्या देशात राहतो तिथली भुते कशी असतात, हेही या निमित्ताने पाहिले. अरबी मला साईटवर काम चालण्यापुरतीच येते, म्हणून इंग्रजी अनुवादावर भिस्त. इब्राहीम अब्बास यांची 'हौजन' ही जेद्दात घडणारी कादंबरी. निवेदक खुद्द जिन! त्याच्या जागेत माणसांचे कुटुंब राहायला येते आणि तो घरातल्या वैद्यकीय शिकणाऱ्या सौसनच्या प्रेमात पडतो. म्हणजे इथे पछाडणारे आपण, झपाटलेले घर त्याचे. ही उलटापालट मला फार आवडली. प्रेमकथा मधेमधे हिंदी सिनेमासारखी ओघळते, पण पुस्तक धीट आहे. २०१३ मध्ये ते इथल्या दुकानांतून काही काळ उचलले गेले होते, आणि २०२३ मध्ये त्यावरच्या चित्रपटाने जेद्दाच्या रेड सी महोत्सवाचे उद्घाटन झाले. दहा वर्षांत एका जिनाची ही प्रगती!

आमच्या कंट्रोल रूममधला इजिप्शियन सहकारी मात्र 'हौजन'ला मानत नाही. त्याचा देव अहमद खालिद तौफिक, तांत्याचे डॉक्टर, २०१८ मध्ये वारले. १९९३ पासून त्यांनी खिशात मावतील अशा भयकथांची मालिका लिहिली. पहिल्याच पुस्तकात रक्तपिपासू. नायक रिफअत इस्माईल म्हणजे टकला, सिगारेटी ओढणारा, हृदय कमजोर असलेला, भुतांवर विश्वास नसलेला म्हातारा डॉक्टर. त्यावर २०२० मध्ये 'पॅरानॉर्मल' ही मालिका आली, ती मी पाहिली. समर्थ मला का खटकू लागले ते तिथे कळले. ज्याला जिना चढताना धाप लागते, त्याच्यामागे भूत लागले तरच माझाही जीव वरखाली होतो.

मी सहकाऱ्याला धारपांची पुस्तके दाखवली. अक्षर त्याला वाचता येईना, पण मुखपृष्ठ बघून म्हणाला, "अरे, ही तर आमचीच!" त्याच्या वडिलांना अशी पुस्तके घरात चालत नसत, तो अभ्यासाच्या वहीत घालून वाचायचा. मी म्हटले, आमच्याकडे भूमितीच्या पुस्तकात घालत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी धारपांच्या कथासंग्रहांपासून करावी, मग 'शपथ'. मुलांसाठी 'गंगाधरपंतांचे पानिपत', पण मोठ्याने वाचून. हृषीकेश गुप्ते यांचे 'अंधारवारी' मी नुकतेच हातात घेतले आहे, त्याविषयी पुढच्या अंकात. 'लुचाई' माझ्याकडे मागू नये. ती तीन महिन्यांपूर्वी जुबैलला गेली आहे, आणि ज्यांनी नेली ते वहिनी रात्री वाचू देत नाहीत म्हणून फक्त शुक्रवारी दुपारी वीस पाने वाचतात.