संगणकीय पर्वतचित्रणातील यथार्थता : ‘व्होल लीब्र’चा एक विचार

संगणकनिर्मित पर्वतदृश्यांच्या इतिहासात लॉरेन कार्पेंटर यांच्या ‘व्होल लीब्र’ या चित्रफितीचे स्थान निर्विवाद आहे. १९८० साली सिअ‍ॅटल येथील सिग्राफ परिषदेत दाखविलेली ही सुमारे दोन मिनिटांची फीत प्रेक्षकाला पर्वतरांगांवरून उडत नेते. तिच्यातील पर्वत खरे वाटतात, याविषयी दुमत नाही. ते कोणत्या अर्थाने खरे आहेत, हा प्रश्न मात्र स्वतंत्र विचारास पात्र आहे.

कार्पेंटर यांची पद्धती साधी आहे. मोजक्या मोठ्या त्रिकोणांनी पर्वताचा ढोबळ आकार मांडावयाचा, प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू यदृच्छेने वर वा खाली सरकवावयाचा, त्यातून निघणाऱ्या चार लहान त्रिकोणांवर हीच क्रिया पुन्हा करावयाची आणि दर वेळी विचलनाचे प्रमाण कमी करीत जावयाचे. संपूर्ण पर्वताचा खडबडीतपणा त्याच्या एका कड्यातही आढळतो, हे बेन्वा मांडेलब्रॉट यांच्या फ्रॅक्टल भूमितीचे तत्त्व येथे दृश्य रूप घेते. अल्प सामग्रीतून विपुल तपशील निर्माण करणे, हे या कृतीचे खरे यश होय.

परंतु तिची मर्यादाही याच पद्धतीत आहे. यदृच्छेला वर आणि खाली हा भेद ठाऊक नसतो. मूळ ढोबळ आकार वगळता असा पृष्ठभाग उलटा केला, तर दऱ्यांची शिखरे होतात आणि त्याच्या स्वरूपात फरक पडत नाही. निसर्गातील पर्वताचे असे होत नाही. पाणी उताराने वाहते, ओहळ मिळून नदी होते, झिजलेला गाळ साचून दरीचा तळ सपाट होतो. कार्पेंटर यांच्या पर्वतांना रूप आहे, पूर्वचरित्र नाही.

ही उणीव ओळखून १९८९ साली केन मस्ग्रेव्ह, क्रेग कोल्ब आणि रॉबर्ट मेस यांनी सौम्य दऱ्या व खडबडीत शिखरे देणारी रचना मांडली आणि तिच्यावर पाण्याने होणाऱ्या झिजेची गणिती क्रिया घडविली. दिसण्याच्या अनुकरणाला येथे घडण्याच्या अनुकरणाची जोड मिळाली.

त्यामुळे ‘व्होल लीब्र’चे मोल उणावत नाही. उड्डाणाच्या वेगात नजर एका दरीवर फार काळ ठरत नाही, आणि म्हणूनच तिच्यातील आभास अभंग राहतो. मात्र अशा चित्रांची परीक्षा करताना ‘हे पर्वतासारखे दिसते काय?’ एवढ्यावर न थांबता ‘येथे पडलेले पाणी कोठे जाईल?’ असेही विचारणे आवश्यक ठरते.